दुसऱ्यांसाठीचे कार्यक्रम

आगाशीच्या घरात हल्ली दिवेलागणीला दिवा लावला की रेडिओ बोलेनासा होतो. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, दिवसा बऱ्यापैकी ऐकू येते. संध्याकाळी ओटीवरचा एलईडी पेटला, शेजारच्यांचा पेटला, कोणी फोन चार्जिंगला लावला, की काट्याच्या त्या जागेवर नुसती घरघर उरते. गावातल्या वायरमनने एकदा मला कारण समजावून सांगितलं. या दिव्यांच्या आणि चार्जरच्या पोटात विजेचा दाब उतरवणारं एक छोटं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्यातून उठणारा गोंगाट नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पसरतो. वायफायचा डबा, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, सगळे त्यात आपली भर घालतात.

मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मनोरे आहेत. तिथून आमचं गाव सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. मधे गोराई-उत्तनची किनारपट्टी आणि वसईची खाडी. मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीलगत चालतात आणि खाऱ्या पाण्यावरून तर अधिकच जोमाने जातात. त्यामुळे माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, आमच्या पट्ट्यात मुंबई केंद्र खणखणीत लागायचं. निवेदकाने कागद उलटला तरी कळायचं. नव्या माध्यमांनी रेडिओचा आवाज बुडवला असं म्हणतात. आमच्या घरापुरतं ते अक्षरशः खरं आहे.

पण आवाज बुडण्यापेक्षा दुसरं एक नुकसान मला जास्त लागतं. ते समजायला रेडिओवर त्या काळी काय लागायचं ते आठवावं लागेल.

आमचा रेडिओ ओटीवर, भिंतीतल्या फळीवर होता. तो कोणा एकाचा नव्हता. त्याच्या परवान्याचं पुस्तक होतं, वर्षाची फी पोस्टात भरावी लागे, आणि म्हणून तो लावला की सगळ्यांनी ऐकायचा हे न बोलता ठरलेलं होतं. दिवसभरात जे लागायचं त्यातलं बहुतेक आमच्यासाठी नव्हतंच. 'कामगार सभा' गिरण्या-कारखान्यांतल्या माणसांसाठी. 'वनिता मंडळ' बायकांसाठी. 'गंमत जंमत' मुलांसाठी. 'माझं घर माझं शेत' शेतकऱ्यांसाठी, म्हणजे तेवढा एक आमच्या आजोबांचा. संस्कृत बातम्या कोणासाठी होत्या ते मला कळत नसे, पण त्या सुरू झाल्या की शाळेची पिशवी भरायची वेळ झाली हे कळे. हवामानाचा मच्छीमारांसाठीचा इशारा अर्नाळ्याच्या कोळ्यांसाठी. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू झाला म्हणून कोणी उठून बटण फिरवत नसे. फिरवून जायचं कुठे? आणि हात चिखलात, पिठात किंवा केळीच्या चिकात असत.

त्यामुळे व्हायचं असं की दुसऱ्यांसाठीचे कार्यक्रम आमच्या कानांवर पडत राहायचे. आजोबा दुपारी वाडीतून येऊन पडवीत आडवे व्हायचे तेव्हा 'वनिता मंडळ' चालू असायचं. बाळंतिणीचा आहार, मुलांच्या लशी, शिवणकाम, एखाद्या बाईने लिहिलेली गोष्ट. डोळे मिटून ते सगळं ऐकत. माझ्या धाकट्या भावाला जुलाब झाले तेव्हा साखरमिठाचं पाणी द्यायला आधी त्यांनीच सांगितलं. आई चकित झाली. तिला तो कार्यक्रम स्वयंपाकघरातल्या धांदलीत नीट ऐकायला मिळाला नव्हता.

मी 'कामगार सभा' ऐकत मोठी झाले. आमच्या आगाशीत गिरणी नाही. केळी, पानवेली, मोगरा, विहिरीवरचे पंप, पहाटे विरारला फुलं-भाजी घेऊन जाणाऱ्या टोपल्या, एवढंच आमचं जग होतं. तरी मला बदली कामगार म्हणजे कोण ते ठाऊक होतं. तिसरी पाळी, बोनस, फंड, ईएसआयचा दवाखाना हे शब्द ठाऊक होते. परळ-लालबागला कुठेतरी एक माणूस रात्री कामाला जातो आणि सकाळी झोपतो, त्याची मुलं आवाज न करता खेळतात, हे मी त्या कार्यक्रमातल्या एका श्रुतिकेतून शिकले होते. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली आणि त्यातली पुष्कळ कामावर परत कधी गेलीच नाहीत. चाळीतली खोली विकून त्यातली कितीतरी कुटुंबं नालासोपाऱ्याला, विरारला आमच्या दाराशी राहायला आली. गावात कुरकूर होती. पाणी पुरणार नाही, वाड्या जातील, बिल्डर माजतील, ही भीती होती आणि ती खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. पण ती माणसं मला परकी वाटली नाहीत. त्यांच्या घरातले आवाज मी दहा वर्षं ऐकलेले होते.

मच्छीमारांच्या इशाऱ्याचं तर काही विचारूच नका. वाऱ्याची दिशा, ताशी वेग, समुद्र खवळलेला राहील, बंदरावर अमुक नंबरचा बावटा लावला आहे. हा मजकूर नाखवा आणि तांडेलासाठी. पण आजोबा तो कान देऊन ऐकत, कारण जो वारा होडीला उलथवतो तोच केळीला आडवी करतो. घडावर आलेली केळ वाऱ्याला फार भित्री. इशारा ऐकला की रात्रीच कंदील घेऊन बांबूचे टेकू लावायला निघत. दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याची मावशी बोंबील घेऊन दारात आली की आजोबा तिला विचारत, "काय बाय, नाखवा गेला का दर्यात?" ती म्हणे, "कसला जातो, बावटा लागलाय ना." दोघांनी एकच आवाज ऐकलेला असे, म्हणून एवढ्याने भागे. आणि तीही उलट विचारायची की केळीवरचा करपा हटला का, बोर्डो मिश्रण मारलं का. तिच्या घरी तीन पिढ्यांत कोणी केळ लावली नव्हती. पण संध्याकाळी जाळी शिवताना 'माझं घर माझं शेत' लागलेलं असे.

हे काही कोणी उदार मनाने योजलेलं नव्हतं. टंचाईतून आलेलं होतं. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ म्हणू लागले. तेव्हापासून मोजक्या लहरी आणि ऐकणारे नाना तऱ्हेचे. मग दिवसाचे तुकडे पाडले. हा तुकडा शेतकऱ्यांचा, हा मुलांचा, हा फौजेतल्या जवानांचा. प्रत्येकाला आपला तुकडा येईपर्यंत दुसऱ्यांचे तुकडे ऐकत बसावं लागे. पुणे केंद्राने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं बसवली होती. एकत्र ऐका, चर्चा करा, मग करून बघा, असा तो प्रयोग होता आणि पुढे जगभर त्याचं नाव झालं. आमच्या ओटीवर मंडळ नव्हतं, चर्चेचं टिपण नव्हतं. तरी ऐकून झाल्यावर बोलणं व्हायचंच.

त्या एका आवाजाची सक्तीही होती आणि ती माणसांना सोसवत नसे, हेही लिहायला हवं. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री झाले आणि १९५२ मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. देशाचा कान शास्त्रीय संगीताकडे वळवावा अशी त्यांची कळकळ होती. पण ऐकणाऱ्यांनी काटा फिरवला आणि कोलंबोला गेले. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. माझे काका सांगत, शॉर्ट वेव्हचा आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा, तरी गावातल्या ज्या एका दुकानात तो लागे तिथे बुधवारी उभं राहायला जागा नसे. सरकारला पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे आवडीचं ऐकायला मिळालं की माणूस नावडतं सोडून उठतो, हे मोबाइलने आणलेलं नाही. संधी मिळताच आपल्या आधीच्यांनीही तेच केलं. त्यांना दोष देण्याचा मला हक्क नाही. मीही त्यांच्यासारखीच 'आपली आवड'ची वाट बघत बसायची.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्या रेडिओने मला परळच्या खोलीपर्यंत नेलं, त्याने आमच्या विहिरीवरची भाषा फारशी कधी उच्चारली नाही. वसई म्हणजे बोलींची दाटी. सामवेदी म्हणजेच कादोडी, वाडवळी, कोळी, मांगेली, किनाऱ्यावरच्या ईस्ट इंडियन लोकांची मराठी, डोंगराकडच्या बाजूला वारली. आमच्या वाडीत केळीचे घड वाहायला येणाऱ्या वारली बाया आपसांत जे बोलत ते रेडिओवर आलं तर लोकगीत म्हणून यायचं, निवेदकाच्या शुद्ध मराठी प्रस्तावनेसह, दोन-चार मिनिटं. कोळीगीतं मात्र भरपूर लागायची. पण गाणं लागणं आणि त्या बोलीत कोणी खताचे भाव सांगणं यांत फरक आहे. शाळेतल्या कादोडी बोलणाऱ्या मैत्रिणी बाईंसमोर तोंड उघडायला लाजत. त्यांचं बोलणं चुकीचं आहे असं त्यांना वाटे, कारण खरं बोलणं कसं असतं ते रोज रेडिओवर ऐकू येत होतं. एकाच आवाजाची ही किंमत होती आणि ती त्यांनी मोजली.

टेलिव्हिजनने रेडिओ मारला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे आमच्याकडच्या कौलांवरही दक्षिणेकडे तोंड करून अँटेना उभे राहिले. पण सुरुवातीचा तो टीव्ही स्वभावाने रेडिओच होता. एक वाहिनी, सगळ्या आळीचा एक संच, आणि सिनेमाची वाट बघता बघता 'आमची माती आमची माणसं' पाहणारी शाळकरी पोरं. आपल्यासाठी नसलेलं पाहण्याची सवय तिथेही टिकली. ती मोडली केबल आल्यावर, नव्वदच्या दशकात. रिमोट हातात आला आणि नावडतं ऐकण्याचा काळ काही सेकंदांवर आला. काटा फिरवायला उठावं तरी लागे. आता अंगठा पुरे.

मग एफएम. २००२ च्या आसपास मुंबईत खासगी एफएम केंद्रं सुरू झाली आणि रेडिओ पुन्हा उठून बसला. तोवर मी चर्चगेटला नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं टेकून जायचं. कोणाच्या तरी छोट्या फोनमध्ये एफएम असे आणि त्याला इयरफोनची वायर लावावीच लागे, कारण ती वायरच एरियलचं काम करी. एक कान तिला, एक कान शेजारणीला. नायगाव ओलांडून खाडीवरच्या पुलावर गाडी आली की वारा आत येई आणि दोघी डोकी जवळ आणून ऐकत. मी कितीतरी जणींचं गाणं असं अर्ध्या कानाने ऐकलं आहे. पण त्या केंद्रांना बातम्या द्यायची परवानगी नव्हती, आणि त्यांनीही श्रोता एकच ठरवून टाकला होता: तरुण, शहरी, गाण्यांचा भुकेला, बहुतेक वेळा हिंदीत बोलणारा. मुंबईच्या त्या आवाजांत शेतकरी नव्हता, कोळी नव्हता, म्हातारा माणूस नव्हता. करमणूक झकास होती. दुसरं कोणी त्यातून भेटत नसे.

त्याच डब्यात एकदा एक प्रसंग घडला तो सांगते. नालासोपाऱ्याला चढणारी एक बाई, माझ्याच वयाची, मेथी निवडता निवडता कोणाला तरी म्हणाली, "अगदी टेकाडे भावोजी आहेस!" मी वळून पाहिलं. पुष्कळ वर्षांत तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आकाशवाणी मुंबईची 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच' ही कौटुंबिक श्रुतिकामाला. त्यातले पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावोजी म्हणजे प्रभाकर जोशी. ती बाई लालबागच्या चाळीत वाढलेली, वडील गिरणीत, संपानंतर नालासोपाऱ्याला आलेली. मी आगाशीची. तिने विचारलं, "तुमच्याकडे पण लागायचं?" मग अंधेरी येईपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो. तिला 'माझं घर माझं शेत' आठवत होतं. दहा बाय दहाच्या खोलीत तिची आई तो कार्यक्रम न चुकता लावायची, कारण तिचं माहेर साताऱ्याकडे होतं आणि पाऊसपाण्याची खबर मिळायची. केळीचा पर्णगुच्छ रोग म्हणजे काय हे त्या बाईला ठाऊक होतं. लालबागमध्ये राहून! मला त्या दिवशी झालेला आनंद अजून आठवतो. तिसऱ्या पाळीबद्दल मला ठाऊक होतं आणि केळीच्या रोगाबद्दल तिला. दोघींनी ते शिकायचं ठरवलेलं नव्हतं.

आता त्याच डब्यात दोन पिढ्या पुढच्या मुली उभ्या असतात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोन पूर्ण बदलला. कानात बिनवायरीची बोंडं आली. वायर गेली तशी एरियल गेली. पुष्कळ नव्या फोनमध्ये तर एफएमची सोयच दिलेली नसते. २०२३ मध्ये केंद्र सरकारला फोन कंपन्यांना कळवावं लागलं की फोनमध्ये एफएम असू द्या, चालू ठेवा, संकटाच्या वेळी उपयोगी पडतं. आकाशवाणीचं ॲप आहे, त्यावर अस्मिता वाहिनी कुवेतमध्ये बसूनही ऐकता येते, आणि माझी कुवेतमधली भाची ती ऐकते. पण इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद मागे असतो. एकदा मी ओटीवर रेडिओ आणि फोनवर ॲप दोन्ही लावून पाहिलं. रेडिओवर बातम्यांचं पहिलं वाक्य संपलं तरी फोनवर वेळेचे ठोके वाजतच होते. आजोबा त्या ठोक्यांवर घड्याळ लावायचे. बाळ ज. पंडितांच्या क्रिकेटच्या मराठी समालोचनावर अख्ख्या नाक्याची आरोळी एकदम उठायची. आता प्रत्येकाचा क्षणसुद्धा निराळा.

या मुलींची मी तक्रार करणार नाही. माझ्या शेजारी उभी राहणारी एक मुलगी विरार ते दादर शिवकालावरचा मराठी पॉडकास्ट ऐकते. दुसरी स्टोरीटेलवर कादंबऱ्या ऐकते. गेल्या पावसाळ्यात तिने मला तीन नावं सांगितली आणि मी ती ऐकली. गर्दीत पुस्तक उघडायला जागा नाही तिथे ही मुलगी पुस्तकं संपवते आहे. सलग तासभर मराठी बोलणं लक्ष देऊन ऐकणारी तरुण मुलं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्या वेळी रेडिओ पुष्कळदा नुसता चालू असे. या मुली खरोखर ऐकतात. मात्र प्रत्येकीच्या कानात जे आहे ते तिने निवडलेलं आहे, किंवा तिने आधी काय निवडलं ते पाहून यंत्राने पुढचं काढून दिलेलं आहे. इतिहास ऐकणारीला आणखी इतिहास, भुताच्या गोष्टी ऐकणारीला आणखी भुतं. तिच्या शेजारी बसलेल्या मासेविक्रेत्या मावशीसाठीचं काही तिच्या कानावर पडण्याची वाटच राहिलेली नाही.

अर्नाळ्याकडेच बघा. तांडेलांच्या हातात आज जे आहे त्याची आजोबांच्या काळात कल्पना करता आली नसती. हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो. हैदराबादची इनकॉइस ही संस्था समुद्राची स्थिती, लाटांची उंची, मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते कळवते. होडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ते नकाशासकट पडतं, रेडिओच्या बातम्यांच्या कितीतरी आधी. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं आणि कोकण किनाऱ्यावर होड्या आणि माणसं गेली, तेव्हा असं काही हाताशी असतं तर किती जण वाचले असते, असं मनात येतंच. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा नाखवा आधीच सावध होते. ज्या माध्यमाने माणसाचा जीव वाचतो त्याच्याविरुद्ध मी एक शब्दही लिहिणार नाही. पण तो गट होडीवाल्यांचा आहे. फुलवाल्यांचा गट वेगळा, त्यावर दादरचे भाव येतात. भाजीवाल्यांचा वेगळा. चर्चच्या प्रत्येक धर्मग्रामाचा वेगळा, सोसायट्यांचे तर प्रत्येक विंगचे वेगळे. तौक्तेच्या आदल्या दिवशी आमच्या आळीत एका शेतकऱ्याने केळीला टेकू लावले नव्हते. वादळ येणार हे त्याला ठाऊक होतं, टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. पण आपल्या किनाऱ्यावर वारा कोणत्या वेळी, किती जोराने, कोणत्या दिशेने, हा तपशील दोन मैलांवरच्या अर्नाळ्यात प्रत्येक फोनवर होता आणि याच्याकडे नव्हता. त्याची बाग झोपली.

आणि जुलै २०१८ चा पूर. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी, गाड्या बंद, वसई-विरारमध्ये वीज नाही. २०११ च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांवर होती. फोन एकेक करून मावळू लागले. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. त्यांनी तो जिन्यात आणून ठेवला. गुजराती, मारवाडी, भोजपुरी बोलणारी घरं त्या जिन्यात बसून मराठी प्रादेशिक बातम्या ऐकत होती आणि ज्यांना समजत होतं ते बाकीच्यांना सांगत होते. नात्यातल्या मुलीने मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, शेजारच्यांची नावं मला त्या दिवशी कळली."

सगळं गमावलं असं मात्र नाही, आणि इथे मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते बोलींबद्दल. ज्या कादोडीला रेडिओवर जागा नव्हती ती आज यूट्यूबवर आहे. मुलं कादोडीत गाणी रचतात, विनोदी प्रसंग करतात, लग्नातल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण करून ठेवतात. वाडवळीत पाककृती आहेत, कोणी आजीला समोर बसवून जुन्या म्हणी वदवून घेतल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत चर्च बंद झाली तेव्हा वसईतली मिस्सा फोनवरून घराघरांत गेली आणि आखातात, कॅनडात गेलेली मुलं आपापल्या गावच्या वेदीपुढे बसली. माझी ती शाळेतली मैत्रीण, जी बाईंसमोर गप्प बसायची, ती आता आजी झाली आहे. नातीने तिचा कादोडीतला आवाज रेकॉर्ड करून गटावर टाकला. भाताच्या लावणीची आठवण, चार मिनिटांची. मला तिने फोनवर ऐकवली. मी तिच्याबरोबर दहा वर्षं एका बाकावर बसले होते. ती इतकी सुंदर बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

ती चार मिनिटं तिच्या गटातल्या माणसांनी ऐकली. सगळे कादोडी बोलणारेच. मी गटात नाही म्हणून मला ती तिच्याच हातून मिळाली. नालासोपाऱ्याच्या त्या मेथी निवडणाऱ्या बाईला ती कधी मिळणार नाही, आणि आमच्या वाडीत येणाऱ्या वारली बायांना तर नाहीच. जे पूर्वी बोलायला मिळत नव्हतं ते आता बोललं जातं आहे, पण बोलणाऱ्यांतच. पूर्वी सगळ्यांना ऐकू जायचं, पण थोड्यांनीच बोलायचं. या दोहोंतलं एक निवडायला मला सांगू नका. मला दोन्ही हवं आहे आणि ते अशक्य आहे असं मी मानत नाही.

अस्मिता वाहिनी अजून आहे. आकाशवाणीकडे लहरी आहेत, ॲप आहे, बातम्यांचा विश्वास आहे. लोकांकडे ध्वनिमुद्रणं आहेत, फोनमध्ये पडलेली, हजारोंनी. संध्याकाळच्या वेळेत रोज अर्धा तास काढा. एक दिवस कादोडी, एक दिवस वाडवळी, एक दिवस मांगेली, एक दिवस वारली, आणि एक दिवस नालासोपाऱ्याला येऊन राहिलेल्या मालवणीला किंवा भोजपुरीलासुद्धा. निवेदकाने सुरुवातीला दोन वाक्यांत सांगावं की कोण बोलतं आहे, कुठल्या गावचं आहे, कशाबद्दल बोलतं आहे. बाकी भाषांतर नको. ऐकता ऐकता कळेल, मला संस्कृत बातम्या थोड्या कळू लागल्या होत्या तसं. त्याला जोडूनच किनाऱ्याचा वाऱ्याचा इशारा गावांची नावं घेऊन द्यावा: अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव, सातपाटी. आणि हा अर्धा तास बातम्यांच्या नंतर नको, आधी हवा. बातम्यांसाठी जी माणसं रेडिओ लावून थांबलेली असतात, त्यांच्यात शेतकरी असतो, कोळी असतो, विरार फास्ट चुकलेली एखादी बाईही असते.